वाढव

माउलीनगरात गाड्या फोडायला मुहूर्त लागत नसे. कुणाचा वाढदिवस असला, कुणी जामिनावर सुटून आला, कुणाचं कुणाशी वाजलं, की पाचसहा जण कोयते घेऊन मोटरसायकलींवरून यायचे आणि रस्त्याकडेच्या गाड्या ओळीनं फोडत जायचे. गाडीवाल्यांशी त्यांचं वैर नसायचं. वैर असतं तर निदान कुणाचे तरी पाय धरून मिटवता आलं असतं. कारखान्यांच्या पट्ट्याला चिकटून वाढलेली ती वस्ती; एकेक गुंठ्यातल्या तीन मजली घरांना पार्किंग कुठलं असणार? माणसं आत आणि गाड्या रस्त्यावर, असाच तिथला रिवाज होता.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मंदा शेलार गच्चीवर कुरडया उलटत होती. खाली काच फुटली. मग दुसरी. मग आरोळी आली, "फोड रे! फोड, फोड!"

ती कठड्याशी धावली. तोंडाला रुमाल बांधलेले सहाजण रस्ताभर पसरले होते. आठव्या नंबरला तिच्या नवऱ्याची गाडी होती. पांढरी, सात माणसांची, बॅटरीवर चालणारी. कारखाना बंद पडल्यावर विलासनं ती घेतली होती आणि विमानतळाच्या फेऱ्या मारून घर चालवत होता. पहाटेची फेरी करून आलेला विलास बनियनवरच जिना उतरला, हातात पाना घेऊन ओरडला, "अरे, पोट आहे रे ते माझं!" उत्तरादाखल एकानं कोयता उगारला. विलासनं तो हातावर झेलला. चौदा टाके पडले, आणि गाडीची एकही काच शाबूत राहिली नाही.

मंदानं वरून आणखी एक गोष्ट पाहिली होती. दुसऱ्या मोटरसायकलवर एकजण इंजिन चालू ठेवून बसला होता. तो फोडत नव्हता, नुसता बसला होता, मान खाली घालून. तोंडाला रुमाल होता. पण सख्खा भाऊ पाठमोरासुद्धा ओळखू येतो. तो अंकुश होता, तिचा धाकटा.

दवाखान्यात टाके घालून घेताना विलासनं विचारलं, "तुझा भाऊ होता का त्यांच्यात?"

"नव्हता," मंदा म्हणाली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याशी इतकं सरळ तोंडानं ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

पावसाळा संपता संपता विलासनं गाडीला पहारा बसवून आणला.

ही यंत्रं तेव्हा नवीन होती, आणि त्यांची करामत खरंच थक्क करणारी होती. हात उगारण्याआधी मेंदूकडून स्नायूंना विजेचा संदेश जातो. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, अगदी क्षीण. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यात मुद्दाम ठेवलेली एक बारीकशी खोट हे क्षीण क्षेत्रही टिपू शकते, असं शास्त्रज्ञांना कळलं होतं. तसे चाळीस हिरे गाडीच्या पत्र्यात बसवले, की चार पावलांवरच्या माणसाचा खांदा वार करायला ताठतोय की खिशातला मोबाईल काढायला, हे हात हलायच्या आत गाडीला कळे.

कळल्यावर ती काय करी, ती पुढची करामत. कोरडी हवा वीज वाहून नेत नाही. पण अतिनील लेझरचा झोत हवेतून गेला की त्या वाटेवरच्या कणांचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि क्षणभर हवेचीच एक तार तयार होते. त्या तारेतून गाडी आपल्या बॅटरीतली वीज हात उगारणाऱ्यावर सोडी. पहिल्या पायरीला मुंगी चावल्यासारखं वाटे, दुसरीला हात लुळा पडे, तिसरीला माणूस आडवा होई. कायद्यानं तिसरीच्या पुढे परवानगी नव्हती.

"मी सातपर्यंत उघडून घेतलंय," विलास जेवताना म्हणाला.

"सातला काय होतं?"

"सातची वेळ येणार नाय." त्यानं भाकरी मोडली. "तुझा आवाजपण भरलाय त्यात. मी झोपलेलो असलो तर तू बघायचं. चारच शब्द आहेत. जाग, झोप, उतर, वाढव. झोपवलं की ठार बहिरं होतं. मग आपण ‘जाग’ म्हणेपर्यंत कुणाचं ऐकत नाय. वाढव म्हटलं की एक पायरी चढतं. पण समोरच्याचा हात वर असताना वाढव म्हटलं, तर थेट सातला जातं."

"थेट कशापायी?"

"कोयता डोक्यावर आल्यावर माणूस काय आकडे मोजत बसणार हाय?" तो हसला. "आणि ‘फोड’ हा शब्द जवळपास कुणी बोललं, तर आपोआप दोन पायऱ्या चढतं. त्यांचाच शब्द त्यांच्याच घशात."

टाके पडल्यापासून त्याची उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. ती ताटाच्या कडेला तशीच टेकलेली असायची. मंदाला नवऱ्याचा राग समजत होता, पण ते हसणं तिला ओळखीचं वाटलं नाही.

यंत्राची परीक्षा पंधरा दिवसांत झाली. भर दुपारी बारा वाजता किरण्या नावाचा एकजण आला आणि नुसता गंमत म्हणून दगड घेऊन गाडीपुढे उभा राहिला. हात वर गेला. बंपरमधून जांभळी रेघ चमकली, चट्‌ असा आवाज झाला, आणि दगड किरण्याच्याच पायावर पडला. तो ओरडत खाली बसला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दारात उभा असलेला विलास शांतपणे म्हणाला, "वाढव."

किरण्यानं स्वतःला सावरायला हात उचलला होता. यंत्राला सावरणं आणि मारणं यातला फरक कुठला कळायला? हात उगारलेला दिसला आणि मालकाचा शब्द आला. "पहारा सातवर," गाडी गोड आवाजात म्हणाली. किरण्या जागच्या जागी गुरासारखा तडफडला. कातडी जळाल्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. पावसाळ्यातले बूट होते पायात, जाड रबराचे. त्यांनी वाचवला म्हणे. पण त्याची उजवी मूठ पुन्हा कधी मिटली नाही.

आजूबाजूच्यांनी विलासच्या पाठीवर थाप मारली. पोलिसात कुणी ब्र काढला नाही. किरण्या कुठल्या तोंडानं तक्रार करणार होता? विलास घरात आला, हातपाय धुतले आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मंदानं त्या दिवशी काही खाल्लं नाही.

आठवड्यानं अंकुश आला. तो उंबऱ्याच्या आत येईना. "दाजी," तो खाली बघत म्हणाला, "किरण्याचा हात गेला."

"माझापण गेलाय," विलासनं आपली दोन बोटं दाखवली. "मोजून घे."

"त्या दिवशी मी होतो. फोडलं नाय काय, पण होतो. आक्कानं मला बघितलं होतं. तुम्हाला सांगितलं नसंल तिनं."

विलासनं बायकोकडे पाहिलं, आणि मंदाला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मग अंकुशच पुढे बोलला. "मला ह्यातून बाहेर पडायचंय. तुम्ही ठेवून घेतलं तर दिवसाची पाळी मी चालवतो. तुमचा हात दुखतो, मला दिसतंय. मी बाहेर पडलो तर भैरूपण गप बसंल, किरण्यापण. त्यांच्याशी बोललोय मी."

भैरू हा त्या टोळक्याचा म्होरक्या. त्याचा शब्द म्हणजे माउलीनगरात सरकारी हुकूम.

मंदानं नवऱ्यापुढे पदर पसरायचा तेवढा बाकी ठेवला. आई गेली तेव्हा अंकुश नऊ वर्षांचा होता. त्याला तिनं वाढवला होता. लग्नात सासरी येताना ती त्याच्यासाठी रडली होती. तो परत येत होता आणि दार नवऱ्याच्या हातात होतं. तिनं चार दिवस विलासची पाठ सोडली नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "दसऱ्याला गाडीची पूजा आहे. येऊ दे त्याला. नारळ त्याच्या हातानं होऊ दे. दुसऱ्या दिवसापासून चावी घेऊ दे."

मंदा देवापुढे जाऊन रडली. पुष्कळ दिवसांनी ते सुखाचं रडू होतं.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता रस्ता झेंडूनं पिवळा झाला होता. विलासनं गाडी धुतली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर मंदानं हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. अंकुश इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्याबरोबर भैरू आणि किरण्याही आले होते. दोघं मोटरसायकल पलीकडच्या कडेला लावून तिथेच थांबले. समेट आहे हे वस्तीला दिसायला हवं, म्हणून अंकुशनंच त्यांना आणलं होतं. खिशात आपट्याची पानं होती. सोनं संध्याकाळी लुटतात, पण त्याला धीर नव्हता. आल्या आल्या त्यानं दोन पानं दाजींच्या हातात ठेवली आणि वाकून पाया पडला. विलासनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वळत नसलेली दोन बोटं अंकुशच्या केसांवर ताठ राहिली.

"अहो, आता तरी ते झोपवा," मंदा हळूच म्हणाली.

विलासनं रस्त्यापलीकडे पाहिलं. "ते दोघं उभे असताना? अजिबात नाय. एकवर ठेवतो. लागलंच तर मुंगी चावंल." मग जरा मोठ्यानं म्हणाला, "फक्त तो शब्द कुणी उच्चारू नका. नारळाच्या नादात कुणी बोलून जाईल आणि हे भडकायचं."

"मी कशी बोलेन?" मंदा म्हणाली.

ती खरंच बोलली नसती. तिच्या माहेरी बांगडी फुटत नसे, वाढे. कुंकू संपत नसे, वाढे. सात वर्षांची असताना शेजारच्या वास्तुशांतीत ती "फोडा की नारळ" असं ओरडली होती, तेव्हा आईनं भरल्या घरात थोबाडीत दिली होती. "शुभ कामाला असला शब्द? नारळ वाढवायचा म्हणावं!" ती चपराक मंदाला अजून आठवत होती. आणि आज तर आईचं वळण आणि यंत्राची भीती दोन्ही एकच सांगत होती. ‘फोड’ म्हणायचं नाही. ती मनाशी तेवढंच घोकत होती.

माणसाच्या डोक्यात एकाच शब्दाची दोन घरं असू शकतात आणि दोन्ही घरांना एकमेकांची ओळख नसते. एक ‘वाढव’ विलासचा होता, जळक्या वासाचा, किरण्याच्या किंकाळीचा. दुसरा आईचा होता, उदबत्तीचा. मंदाला ते दोन शब्द कधी शेजारी दिसलेच नाहीत. पहाऱ्याला ज्यांनी मराठी शिकवली त्यांनाही दिसले नव्हते. त्यांनी यंत्राला शिव्या शिकवल्या, धमक्या शिकवल्या, चार जिल्ह्यांच्या बोली शिकवल्या. नारळ त्यांच्या यादीत कुठे नव्हता.

आरती झाली. अंकुशनं नारळ पाण्यातून काढला, शेंडी वर धरली. गाडीच्या पुढ्यात फरशीचा तुकडा ठेवला होता. मंदानं भावाकडे पाहिलं. नवा शर्ट, कपाळाला टिळा, ओठ घट्ट मिटलेले. नऊ वर्षांचा असताना पाटी पुसायचा तसाच, सगळा जीव एकवटून. त्यानं नारळ डोक्यावर नेला आणि नेहमीच्या सवयीनं बहिणीकडे पाहिलं, सांग आता म्हणून.

"वाढव," मंदा म्हणाली.

"पहारा सातवर," गाडी म्हणाली.

जांभळी रेघ बंपरमधून निघाली आणि ओल्या नारळाला भिडली. तिथून ती मनगटात, खांद्यात, छातीत गेली. ओल्या रस्त्यावर तो अनवाणी उभा होता, पूजेसाठी चप्पल काढून. किरण्याला वाचवणारे बूट त्याच्या पायात नव्हते. तो ओरडलाही नाही. ताठ झाला, पाठीची कमान झाली, दात एकमेकांवर इतके आपटले की एक तुटून बाहेर उडाला. शर्टाची बाही पेटली. मग तो तोंडावर पडला, फरशीच्या तुकड्यावर, जिथे नारळ पडायचा होता.

"धोका टळला," गाडी म्हणाली.

मंदानं त्याला उलटा केला. कपाळ फुटलं होतं, पण त्यातून रक्त वाहत नव्हतं, नुसतं साठत होतं. डोळे उघडे होते. तिनं छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, नाव घेऊन हाका मारल्या. तोंडातून जळक्या दोरासारखा वास आला. खिशातून आपट्याची पानं बाहेर सांडली.

"बोलावून मारला!" रस्त्यापलीकडून भैरूचा आवाज फाटला. "पाया पडून घेतलं आणि मारला रे!" सीटखालून त्यानं कोयता ओढला. काल खंडेनवमीला पूजलेला. पात्यावर हळद तशीच होती.

"मी नाय!" विलास ओरडला. "अरे, मी काय बोललोच नाय!" पण बोलता बोलता तो गाडीला पाठ लावून उभा राहिला, कारण जगात तेवढी एकच जागा त्याला सुरक्षित वाटत होती.

भैरूनं कोयता उगारला. गाडी सातवरच होती. रेघ पात्यावर चढली आणि भैरू भिरकावल्यासारखा मागे गेला. डोकं गटाराच्या कठड्यावर आपटलं. त्याच्या हाताचं मांस मुठीला चिकटलं होतं आणि तो तान्ह्या मुलासारखा कण्हत होता. रस्त्यावरचे लोक दारं लावून घेऊ लागले.

राहिला किरण्या. त्यानं वाकून भैरूचा कोयता सोडवला, डाव्या हातात धरला आणि तो चालत पुढे आला. पुढे काय होणार हे त्या वस्तीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो रडत होता. त्याला मरायचंच होतं बहुधा.

"ये!" विलास म्हणाला. त्याचे डोळे पांढरे झाले होते. "तूपण ये! या सगळे!"

मंदानं ते तोंड पाहिलं. एकवीस वर्षं तिनं ह्या तोंडाला घास वाढले होते. किरण्याचा डावा खांदा वर जाऊ लागला होता. अर्धा क्षण होता. पहारा जागा राहिला तर किरण्या मरेल. झोपला तर तो कोयता तिच्या नवऱ्यावर पडेल. तिच्या मांडीवर भावाचं डोकं होतं, आणि तिला आणखी एक मढं नको होतं, कुणाचंच.

"झोप!" ती किंचाळली.

"पहारा झोपला," गाडी म्हणाली.

कोयता विलासच्या खांद्यावर पडला. हाड लागल्याचा आवाज आला. रक्ताची चिळकांडी स्वस्तिकावर उडाली आणि विलास बॉनेटवरून घसरत खाली बसला. किरण्यानं पातं उपसून पुन्हा हात वर नेला, तेव्हा मध्ये मंदा उभी होती.

"माझा आवाज होता," ती म्हणाली. "मी बोलले ‘वाढव’. नारळाला बोलले. माझ्या तोंडानं मेला तो. मार, मला मार."

किरण्याला आधी कळलंच नाही. मग त्याची नजर फरशीवर गेली, शेजारी घरंगळलेल्या नारळावर गेली, अंकुशच्या टिळ्यावर गेली. त्यालाही आई होती, त्याच्या घरीही नारळ वाढवत. कोयता हळूहळू खाली आला. त्याच्या तोंडातून रडण्याऐवजी भलताच आवाज निघाला.

मागे विलास चाकाला धरून उठायचा प्रयत्न करत होता. एका हातानं खांदा दाबलेला, बोटांतून रक्त गळतंय, आणि ओठ हलतायत. "जा..." तो म्हणाला. "जा..."

मंदा वळली. तिला वाटलं, तो ‘जाऊ दे’ म्हणतोय. मग त्याची नजर तिला दिसली. ती किरण्यावर होती.

तो ‘जाग’ म्हणत होता.

तिनं गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडावर हात दाबला, पूर्ण जोरानं. त्यानं तिच्या तळव्याला चावा घेतला. तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं डोकं छातीशी आवळून धरलं, म्हणजे रक्तही थांबावं आणि शब्दही. तो हुंदके देऊ लागेपर्यंत, अंग सैल पडेपर्यंत तिनं त्याला तसंच धरून ठेवलं.

मग तिनं मान वर केली आणि किरण्याला म्हणाली, "माणूस सोड. ही फोड."

किरण्या बघत राहिला.

"फोड म्हणते ना! एक हिरा राहता कामा नये तिच्यात."

पहिला वार किरण्यानं डाव्या हातानं घातला, बंपरवर. मग मिटत नसलेली उजवी मूठ घातली. दारं उघडली. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण पहार घेऊन खाली आला, समोरच्या घरातली बाई वरवंटा घेऊन आली. एकजण विलासच्या खांद्याला टॉवेल बांधू लागला, दुसरा रुग्णवाहिकेला फोन करत होता. ज्यांच्या गाड्या चैत्रात फुटल्या होत्या तीच माणसं आता फोडत होती आणि कुणी आरोळी ठोकत नव्हतं. पत्र्यातून बारीक हिरे झेंडूच्या पाकळ्यांत सांडले.

मंदा उठली. अंकुशच्या हाताजवळ पडलेला नारळ तिनं उचलला. शेंडी जळाली होती, बाकी तो अख्खा होता, अजून गरम. दोन्ही हातांनी तिनं तो डोक्यावर नेला आणि सगळा जीव एकवटून गाडीच्या काचेवर हाणला.

काच तडकली. नारळ फुटला. फुटण्याला दुसरा शब्द तिनं पुन्हा कधी वापरला नाही.